मदत हवी आहे: ईगल्सच्या १९९४च्या लाइव्ह अल्बममधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' कसं बसवावं?

मंडळी, गिटारवाल्यांसाठी प्रश्न आहे. ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' अल्बममधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' बसवतोय. १९८० साली बँड फुटला, पुन्हा एकत्र कधी येणार असं विचारलं की बँडचा गायक-ड्रमर डॉन हेन्ली म्हणायचा, नरक गोठेल तेव्हा! चौदा वर्षांनी आले आणि अल्बमला तेच नाव ठेवलं. भांडणसुद्धा कामी आलं म्हणायचं.

मूळ १९७६चं रेकॉर्डिंग मला वाजवता येतं, सातव्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून स्वर चढवणारी पट्टी) लावून. पण लाइव्हमध्ये सगळा बाजच वेगळा. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डरची नायलॉन तारांची गिटार, स्पॅनिश वळणाची लांबलचक सुरुवात, मागे हातांनी वाजवलेला ताल, आणि ओळखीची सुरावट येताच लोकांचा जल्लोष. मला तर हेच मूळ गाण्यापेक्षा जास्त आवडतं (चिडू नका).

अडचण सुरुवातीच्या तुकड्यात आहे. जलद जागा नखांनी वाजवाव्यात की पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने)? पिकने स्वच्छ येतात पण कोरड्या वाटतात, बोटांनी गोडवा येतो पण लय सुटते. दुसरं म्हणजे, शेवटचा फेल्डर आणि जो वॉल्शचा जोडसोलो (दोन गिटारी मिळून वाजवलेला तुकडा) एकट्याने वाजवायचा तर कोणता स्वर धरावा, वरचा की खालचा? मिळालेले टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं लेखन) एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कानाने बसवलेल्या कुणाचा सल्ला मिळाला तर बरं. स्टीलच्या तारांवर हा प्रकार कुणी जमवला असेल तर तेही सांगा, नायलॉनची गिटार सध्या माझ्याकडे नाही.