सीमध्ये स्ट्रक्चर असताना क्लास काऊन पाहिजे?

दारव्ह्याचा विद्यार्थी
बीसीए दुसरं वर्ष. मागच्या वर्षी सी झालं, आता जावा आहे. 'प्रोसीजरलमध्ये फंक्शनला महत्त्व, ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये डेटाला' हे पाठ झालं, पण समजलं नाही. माहिती एकत्र ठेवायला सीमध्ये स्ट्रक्चर आहेच ना? मग क्लास, म्हणजे माहिती आणि तिची फंक्शनं एकत्र, काऊन पाहिजे?

हिंगणघाट काटा
भाऊ, माझ्यावर बेतलेलं सांगतो. एका जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी सीमध्ये लिहिला होता. गाडीचं एक स्ट्रक्चर: भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, निव्वळ वजन. बाजूला फंक्शनं. मग पट्टी, म्हणजे वजनाची पावती, पुन्हा छापायची सोय दिली आणि त्या फंक्शनमध्ये मी ओलाव्याच्या कपातीची ओळ परत घातली. निव्वळ वजन उघडंच होतं, कोणत्याही फंक्शननं बदलावं. एका शेतकऱ्यानं दोन पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवल्या: गाडी तीच, कापूस तोच, दुसऱ्या पट्टीवर वजन कमी. त्याचे पैसे दुसऱ्या पट्टीवरून निघाले होते. फरक त्याच दिवशी दिला, पण त्याच्या वर्षभराच्या मेहनतीतून ते वजन माझ्या एका ओळीनं कापलं होतं.

जावात फील्ड, म्हणजे क्लासमधली माहितीची जागा, प्रायव्हेट केलं की बाहेरून ते बदलणारी ओळ कंपाइलच होत नाही. सीमध्ये ही शिस्त लिहिणाऱ्यालाच पाळावी लागते.

पुढं मालकानं सोयाबीन, तूर घेणं सुरू केलं. कपातीचा नियम मालागणिक वेगळा. सीमध्ये जागोजागी 'हा माल असेल तर ही कपात' असं स्विच-केस, एक जागा सुटली की हिशेब चुकला. जावात 'माल' हा मूळ क्लास, बाकी त्याचे वारस, प्रत्येकाची कपात त्याच्याजवळ. पट्टी छापणाऱ्या कोडला हातही लावला नाही.

वरुडचा संत्रेवाला
पण सीला कमी लेखू नका. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, मुख्यतः सीमध्येच आहे. त्यात उघडणं, वाचणं, लिहिणं यांचे फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचे पत्ते, एका स्ट्रक्चरमध्ये असतात आणि प्रत्येक ड्रायव्हर आपापली फंक्शनं त्यात भरतो. कल्पना ऑब्जेक्टचीच. स्ट्रूस्ट्रुप यांनीही १९७९ मध्ये सीलाच क्लास जोडायला घेतले, त्यातून सी++ झाली. क्लासची कल्पना त्यांनी नॉर्वेच्या सिम्युला या भाषेतून घेतली.

हिंगणघाट काटा
बरोबर. सिरियल पोर्टवरून काट्याचा आकडा वाचणारा भाग माझ्याकडे अजून सीमध्येच आहे. सरळ एकच काम, तिथं क्लास लागत नाही.

दारव्ह्याचा विद्यार्थी
दादा, पण क्लासच्या आतल्याच मेथडनं कपात दोनदा केली तर? प्रायव्हेट असून काय फायदा?

हिंगणघाट काटा
नेमकं विचारलंस. म्हणून आता निव्वळ वजन मी साठवतच नाही. भरलेलं, रिकामं आणि ओलावा फायनल, म्हणजे एकदा भरले की बदलत नाहीत. निव्वळ दर वेळी त्यांच्यावरूनच निघतं. पट्टी दहादा छाप, आकडा तोच येतो.