मदत हवी आहे: बँकेने सहा महिने थांबा म्हटलंय, ते नेमके कधीपासून मोजायचे?

टॉवेलवाला_सोलापूर
मंडळी, लवकर सांगा. क्रेडिट कार्डाचा अर्ज 4 एप्रिलला केला, नकार आला 23 एप्रिलला. मेसेजमध्ये लिहिलंय, सहा महिने पुन्हा अर्ज करू नका. शाखेत दोनदा जाऊन आलो. एक मॅडम सांगतात अर्जाच्या तारखेपासून मोजा, साहेब सांगतात नकाराच्या तारखेपासून. मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, दसऱ्याच्या सेलमध्ये कार्डावर विनाव्याज हप्ते मिळतात. 4 ऑक्टोबर धरला तर जमतं, 23 धरला तर सेल संपून जातो. कोणती तारीख खरी?

जुळेसोलापूरकर
नोकरी की धंदा? आयटीआर भरता का? सिबिल (म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर) किती? आणखी कुठे अर्ज केलाय का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

टॉवेलवाला_सोलापूर
धंदा. एमआयडीसीत टॉवेलचे सहा माग आहेत. आयटीआर दरवर्षी. सिबिल चांगलंच असणार, आजवर एक हप्ता चुकवला नाही. पण मी तारीख विचारायलोय.

एफडीवाले_काका
अहो मालक, तारखेच्या मागे कशाला लागता? 50 हजारांची एफडी करा आणि त्यावर कार्ड घ्या. सिबिल नसलेल्यालाही मिळतं. एफडीच्या 80-90 टक्के लिमिट बहुतेक ठिकाणी देतात, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. माझ्या दोन्ही मुलांना असंच काढून दिलं.

सातरस्ता
काका, प्रत्येक धाग्यावर एफडी! त्यांचे पैसे सुतात अडकलेले असतील.
टॉवेलवाले, सहा महिन्यांचा नियम रिझर्व्ह बँकेचा नाही, प्रत्येक बँकेचा स्वतःचा असतो. त्यामुळे तारीख त्याच बँकेच्या कस्टमर केअरला मेल करून लेखी घ्या. तोंडी उत्तर धरू नका. तोवर दुसऱ्या बँकेत अर्ज करायला बंदी नाही.

निवृत्त_बँकवाला
बंदी नाही, पण आत्ता करू नका. प्रत्येक अर्जागणिक बँक तुमचा सिबिल रिपोर्ट मागवते आणि ती चौकशी नोंदली जाते. थोड्या दिवसांत चार चौकश्या दिसल्या की अधिकारी बिचकतो, स्कोअरही थोडा उतरतो. आधी नकाराचं कारण विचारा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे.

जुळेसोलापूरकर
म्हणून तर विचारलं स्कोअर किती. "असणार" म्हणजे बघितलाच नाही ना?

टॉवेलवाला_सोलापूर
नाही बघितला. बघितला की कमी होतो म्हणतात.

होटगी_रोड
होतोच. माझा 11 ने उतरला होता.

निवृत्त_बँकवाला
तुमचा दुसऱ्या कारणाने उतरला असेल. स्वतः स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने एक अंकही कमी होत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कृपया लोकांना घाबरवू नका.

होटगी_रोड
घाबरवत नाही, जे घडलं ते सांगितलं.

अक्कलकोट_नाका
कोणी सांगेल का, रुपे कार्ड यूपीआयला जोडलं तर किराणा दुकानात चालतं का? आमच्या गल्लीत नुसते क्यूआर आहेत.

सातरस्ता
चालतं, दुकानदाराचा क्यूआर असेल तर. घरच्या माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. पण वेगळा धागा काढा.

नवीपेठ_ताई
दादा, लॅपटॉपसाठी कार्ड घ्याल, पण त्यातून एटीएमवर रोख कधी काढू नका. पहिल्या दिवसापासून व्याज, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर फी वेगळी. आमच्या घरात हे झालंय.

टॉवेलवाला_सोलापूर
धन्यवाद ताई. एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात आणखी दोन बँकांत अर्ज केला होता. दोन्हीकडे नकार.

जुळेसोलापूरकर
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही? तीन अर्ज, तीन नकार म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी दडलंय. आजच काढा.

टॉवेलवाला_सोलापूर
काढला. स्कोअर 641. माझ्या नावावर थकबाकी नाही, पण चार वर्षांपूर्वी मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. ते खातं माझ्या रिपोर्टमध्ये आहे आणि तीन हप्ते थकलेत. त्याने एका शब्दाने कळवलं नाही. मला वाटायचं जामीन म्हणजे नुसती सही.

निवृत्त_बँकवाला
जामीनदाराच्या रिपोर्टला ते कर्ज दिसतंच. आधी थकलेले हप्ते भरून घ्या. जानेवारी 2025 पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरणा लवकर दिसेल. उशिराचा डाग मात्र लगेच जात नाही. भरल्यावरही थकबाकी दिसली तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा, निपटारा 30 दिवसांत झाला पाहिजे.

एफडीवाले_काका
आता तरी ऐका, मालक. एफडी.

सातरस्ता
यावेळी काकांचं पटतं. पण सेलचे विनाव्याज हप्ते एफडीवरच्या कार्डावर चालतात का, ते कार्ड काढण्याआधी बँकेला विचारून घ्या.

टॉवेलवाला_सोलापूर
विचारतो. तारखेचा मेलही आत्ताच टाकला. उद्या सकाळच्या एसटीने बार्शीला मेहुण्याकडे निघालोय.

कुर्डुवाडी_जंक्शन
नकाराच्या तारखेपासूनच धरा. माझं तसंच झालं होतं.