फिलमॉन्टला लेकीबरोबर आईनेही जावं का?

सायली_जर्सी:
लेक पंधराची आहे, गेल्या वर्षी स्काउटच्या व्हेंचरिंग क्रूमध्ये (मोठ्या मुलामुलींची तुकडी) गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा बारा दिवसांचा ट्रेक आहे, न्यू मेक्सिकोतल्या फिलमॉन्टला, म्हणजे स्काउटच्या डोंगरातल्या मोठ्या कॅम्पला. क्रूमध्ये मुली आहेत म्हटल्यावर बरोबर एक बाई हवीच. बाकीच्या आया शिताफीने सटकल्या, आता सगळे माझ्याकडे बघतायत. मी ४७ वर्षांची. शेवटचा ट्रेक राजमाची, तोही कॉलेजात. शिवाय आम्ही शाकाहारी. कुणी गेलंय का? आणि लेक 'रेंजर अवॉर्ड' म्हणते ते ईगलसारखंच (स्काउटचा सर्वोच्च किताब) असतं का?

पाऊलवाट:
सायली, मी ४९ व्या वर्षी गेले होते, हाच प्रसंग, अशाच सटकलेल्या आया. जा गं.

पण उंची मनावर घे. तिथला बेस कॅम्पच साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आपलं कळसूबाई (५,४०० फूट) पायाखाली घालूनच सुरुवात. आम्ही तिथलं बाल्डी शिखर केलं, १२,४४१ फूट. दुपारी विजा होतात म्हणून अंधारातच निघालो. शेवटच्या चढावर वीस पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा वीस. वजन-उंचीचा तक्ता आणि डॉक्टरचा फॉर्म ते काटेकोर बघतात, तेव्हा आजपासून चालायला लाग, पाठीवर ओझं घेऊन.

खरी दमछाक मात्र वेगळीच. नेता मुलांमधलाच असतो, आमचा सोळा वर्षांचा. पहिले काही दिवस तिथला एक रेंजर सोबत राहून शिकवतो, मग तो जातो आणि नकाशा पोरांच्या हातात. पाचव्या दिवशी एका फाट्यावर ती चुकीच्या वाटेला लागली. मला दिसत होतं. जिवाला धोका नसेल तर मोठ्यांनी तोंड घालायचं नाही, म्हणून मूग गिळून चालत राहिले. पाऊण तास उतरल्यावर एक मुलगी म्हणाली, "ओढा डावीकडे हवा ना?" मग तेवढंच सगळं परत चढायचं! माझ्या गुडघ्यांनी काय शिव्या दिल्या ते इथे लिहीत नाही.

जेवण म्हणजे दोघांमागे एक अशी कोरडी पाकिटं, गरम पाणी घालून फुगवायची. मांस बऱ्याच पाकिटांत. शाकाहारींनी आधी कळवून बदली पदार्थ स्वतः न्यायचे. मी दडपे पोह्यांचं सामान आणि मेतकूट नेलं. अस्वलांमुळे वास येणारी प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, रात्री पोत्यात घालून उंच तारेवर टांगतात. माझी हिंगाची डबी पोरांनी दोन पिशव्यांत गुंडाळून वर चढवली. आणि भांड्यात शीत राहू नये म्हणून पाणी घालून, ढवळून पिऊन टाकतात. पोरं तोंडं वाकडी करत होती. मला आजोबा आठवले, तेही ताट धुऊन पाणी प्यायचे.

शेवटी अ‍ॅरोहेडचा बिल्ला मिळतो. त्यासाठी कोण किती भराभर चढलं हे कुणी विचारत नाही. ठरलेला मार्ग पूर्ण करायचा आणि तीन तास श्रमदान. आम्ही पायवाटेचे दगड लावले.

कंदील:
रेंजरचं मी सांगतो, मुलाने केलंय. (वर आलेला रेंजर हा फिलमॉन्टचा कर्मचारी, हा पुरस्कार वेगळा.) ईगल अठराच्या आत संपवावं लागतं, व्हेंचरिंगमध्ये एकविसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ असतो. रेंजरला आठ विषय सक्तीचे: प्रथमोपचार, नकाशावाचन, रानातला स्वयंपाक वगैरे. शिवाय अठरा ऐच्छिकांतले निदान चार. फिलमॉन्टला जाणारच आहे तर बॅकपॅकिंग घ्यायला सांगा. माझं मत विचाराल तर फक्त कॉलेजच्या अर्जासाठी करू नये. आमच्या मुलाने तसंच सुरू केलं आणि प्रथमोपचाराच्या वहीवर वर्षभर धूळ. नंतर गुहांचा नाद लागला, तेव्हा बाकीचं आपोआप झालं.

सायली_जर्सी:
पाऊलवाट, हिंगाची डबी वाचून लेक हसत सुटली. आज तिला विचारलं, मी आलेली चालेल का? म्हणाली, "चालेल, पण नकाशा मागायचा नाहीस." बूट कधी घेऊ?

पाऊलवाट:
या शनिवारी. संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अर्धा नंबर मोठे घे. लेकीचे मात्र आत्ताच घेऊ नकोस, तिचा पाय वाढतोय.