विदर्भात ऑरेंज अलर्ट, वर विजेचं चिन्ह पण! उन्हाळ्याच्या अंदाजांचे तुमचे अनुभव सांगा

सोनेगावची_माहेरवाशीण
काल भावाने फॅमिली ग्रुपवर हवामान खात्याचा नकाशा टाकला. अख्खा विदर्भ नारिंगी आणि नागपूरवर दोन चिन्हं, एक उष्णतेच्या लाटेचं, एक विजेचं. खाली लगेच भाचा, "यांना नक्की काय म्हणायचंय, भाजणार की भिजवणार?" सगळे हसले, पण मला माहेरची गच्चीच आठवली एकदम. मे महिन्यात सगळे गच्चीवरच झोपायचे ना तेव्हा. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, ते बघता बघता वाळायचं, परत मारायचं, मग गाद्या. बाबा रेडिओवर हवामान ऐकायचे आणि "विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस" असं आलं की आईला म्हणायचे कुरडया आत घे. आई म्हणायची तुरळक म्हणजे आपलंच घर असं कुठे सांगितलंय त्यांनी. एकदा ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दिवसभर पानही हललं नव्हतं, रात्री जेवणं झाली आणि धुळीचा असा काही लोट आला की चादरी गेल्या कुठच्या कुठे, शेजारच्यांचा टिनाचा पत्रा आमच्या टाकीवर आदळला, कुरडयांचं जे व्हायचं ते झालं. लाइट सकाळपर्यंत नाही. पण झोप काय लागली त्या रात्री!
तर सांगा तुमचे. अंदाज बरोबर आला, हुकला, कोणी ऐकला नाही, काहीही चालेल.

वऱ्हाडी_पोट्टा
ताई तुम्ही पुण्यात बसून गच्ची आठवून राहिल्या, आम्ही इथं भाजून राहिलो ना. अकोल्यात मे २०२४ मधी तं कलेक्टर साहेबांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं, ३१ तारखेपर्यंत. उन्हासाठी जमावबंदी! पारा ४५ च्या वर गेला होता. मुंबईच्या मित्राचा फोन आला, काय बे दंगल झाली का तुमच्याकडं. म्हटलं हाव, सूर्यानं केली. दुपारच्या क्लासेसवर बंदी आली म्हणून आमच्या घरचे पोट्टे मात्र लय खुश.

धनश्री_के
कुरडया वाचून हळहळले 😭 कोणत्या गव्हाच्या करायच्या आई? माझ्या दरवर्षी तुटतात.

सोनेगावची_माहेरवाशीण
@धनश्री_के बन्सी गहू, तीन दिवस भिजवून, पाणी रोज बदलायचं. चीक नीट शिजला नाही तर तुटणारच.

डबा_आणि_पारा
भाच्याला सांगा दोन्ही चिन्हं एकाच वेळी बरोबर असू शकतात. राजस्थानकडून कोरडं तापलेलं वारं येतं, त्याने दुपारी ४४-४५. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्प सरकत असेल तर जमिनीलगतची तापलेली हवा वर जाते, ढग उंच चढतात, संध्याकाळी गडगडाट. खालची हवा इतकी कोरडी असते की पावसाचे बरेच थेंब वाटेतच वाळतात, त्याने हवा गार आणि जड होऊन खाली आदळते, म्हणून आधी धूळ आणि वारा, पाऊस मागून आला तर आला. ढग नेमक्या कुठल्या गावावर उठणार हे दोन दिवस आधी सांगता येत नाही म्हणून "तुरळक ठिकाणी". त्यासाठी रडारवरून पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा निघतो तो बघायचा, पण तो कोणी बघत नाही, सकाळचाच नकाशा संध्याकाळपर्यंत फॉरवर्ड करत बसतात.
आणि लाट म्हणजे नुसतं "खूप ऊन" नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त, किंवा सरळ ४५. साडेसहा अंश जास्त किंवा ४७ झालं तर तीव्र लाट. कोकण किनाऱ्याला ३७ पासूनच धरतात.

वऱ्हाडी_पोट्टा
@डबा_आणि_पारा मंग माह्या गाडीत काल ४९ दाखवून राहिलं होतं ते?

डबा_आणि_पारा
ते तुमच्या गाडीचं आणि खालच्या डांबराचं तापमान 😄 खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो, सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर, वारा खेळता. नागपूरला ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित यंत्रावर ५६ आलं होतं आठवतंय? देशभर बातम्या. त्याच वेळी दुसऱ्या काही यंत्रांवर ४४ च्या आसपास होतं. नंतर खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडलाय. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९, तिथेही यंत्र ३ अंश जास्त दाखवत होतं. आमचे साडू अजूनही म्हणतात ५६ च खरं, सरकार दाबतंय.

हळद_वाला_वसमत
आमच्याकडं अंदाज म्हणजे चेष्टेचा विषय नाही राव. हळद शिजवून वाळत टाकली की पंधरा दिवस जीव मुठीत. ऊन जितकं कडक तितकी हळद लवकर वाळते म्हणून लाट आली की एकीकडं बरं वाटतं आणि त्याच बातमीत "विजांच्या कडकडाटासह" आलं की पोटात गोळा. ताडपत्री टाकावी तर आत वाफ धरून माल काळवंडतो, न टाकावी अन पाऊस आला तर रंग गेला, मग व्यापारी हातात घेऊन नुसता मोडून बघतो अन तोंड वाकडं करतो. मागच्या वर्षी सकाळपासून यलो अलर्ट होता, दुपारपर्यंत आभाळ कोरं, गडी म्हणले मालक कशाला उगा झाकताव. वडलांनी ऐकलं नाही, चार वाजता सगळी ढीग लावून झाकायला लावली. सव्वापाचला गारा. शेजारच्या शिवारात एक थेंब नाही! ते लोक आजून म्हणतेत अंदाज चुकला होता. आमचा बरोबर त्यांचा चूक, एकच अंदाज.
दामिनी ॲप ठेवा मोबाईलमधी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आसपास वीज पडायलीय का ते दाखवतं. शेजाऱ्याचा बैल लिंबाखाली बांधलेला तसाच गेला विजेनं. माणसं बी तिथंच पळतेत पाऊस आला की. झाड सोडा, पक्क्या घरात जा.

मीनल_दादर
विदर्भवाले ४५ सांगतात आणि आम्ही ३६ ला रडतो म्हणून हसू नका हं, तुमचा घाम वाळतो तरी, आमचा पाठीवरच मुक्कामाला असतो. दुपारचं समुद्राचं वारं उशिरा सुरू झालं की मार्चमध्येच संपलो आम्ही. १३ मे २०२४ ला धुळीचं वादळ आलं, घाटकोपरचं होर्डिंग पडलं तो दिवस, मी ऑफिसच्या खिडकीत होते, चार वाजता समोरची बिल्डिंग दिसेना. आधी सगळे व्हिडिओ काढत होते, वॉव वॉव, मग बातमी आली आणि कोणी बोलेचना. त्यानंतर सोसाट्याचा वारा हे दोन शब्द वाचले की स्टेशनबाहेरचे फलक बघत चालते मी.

टेम्सकाठचा_देशपांडे
जुलै २०२२, इंग्लंड. इथल्या हवामान खात्याने उष्णतेचा पहिलावहिला रेड इशारा दिला तेव्हा मी ऑफिसात फुशारकी मारली, अरे आम्ही नागपूरचे, ४० म्हणजे आमच्याकडे एप्रिल. १९ तारखेला लिंकनशायरमध्ये ४०.३ झालं. आणि इथली घरं थंडीसाठी बांधलेली, ऊब आत कोंडून ठेवणारी, खिडकी अर्धवट उघडते, पंखा नाही, दुकानातले टेबलफॅन संपलेले. नागपूरकर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाथटबमध्ये. बायकोने फोटो सासूबाईंना पाठवला.

वऱ्हाडी_पोट्टा
@टेम्सकाठचा_देशपांडे फोटो टाका ना भाऊ इथं 😂

सिस्टर_गडचिरोली
ड्युटीवरून लिहितेय, तुटक असेल. आमच्याकडे मेमध्ये तेंदूपत्ता, बिडीची पानं तोडायचा हंगाम. लोक पहाटे अंधारात जंगलात जातात, दहाला परततात, मग घरी पुडे बांधत बसतात, मग भर उन्हात फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पोचवायचे. अलर्ट कोणत्या रंगाचा आहे याने काही फरक पडत नाही, हंगाम पंधरा दिवसांचा, पत्ता ओला झाला तर पैसे जातात. गेल्या सीझनला एका आजींना आणलं, अंग तव्यासारखं, मला "सुमे पाणी आण" म्हणत होत्या, सुमी कोण कोणास ठाऊक. सोबत आणणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी खिशात कांदा ठेवला होता, तळपायाला कैरी चोळली होती, पण लुगडं घट्ट गुंडाळलेलं तसंच आणि पाणी कोणी टाकलं नव्हतं अंगावर. आम्ही कपडे सैल केले, ओल्या चादरी, पंखा, काखेत बर्फ, सलाइन. वाचल्या. तिसऱ्या दिवशी मला ओरडल्या, माझे पुडे कुठायत.
चक्कर, पेटके, उलटी इथपर्यंत सावली, ओआरएस, आराम. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली तर घाम येत असला तरी तो उष्माघात धरा, १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. येते, पेशंट आलाय.

सोनेगावची_माहेरवाशीण
@सिस्टर_गडचिरोली ताई, आजींना माझा नमस्कार सांगा परत भेटल्या तर. आमच्या घरी पण कांदाच खिशात, बाबांच्या ऑफिसच्या शर्टाला वास यायचा.

मालवणी_मिरची
आमच्याकडे लाट कमी हो, पण मे मधला पाऊस म्हणजे आंबो गेलो. उरलेलो कॅनिंगवाल्याक. इतकाच सांगूचा होता.

केळीबागवाला_रावेर
आंबावाले निदान झाड वाचतं हो तुमचं. आमची केळी ४५ ला करपते आणि जूनच्या तोंडावर वारं आलं की आडवी, अख्खं वर्ष एका संध्याकाळी. बाकी नंतर लिहितो, पंप बघायचाय.

धनश्री_के
पन्ह्यात गूळ की साखर?

डबा_आणि_पारा
गूळ. यात चर्चा नाही.

मीनल_दादर
साखर आणि केशर. यात पण चर्चा नाही.

वऱ्हाडी_पोट्टा
बरं कूलरचं कोणी सांगा. खस बदलली, मोटर घरघर करून राहिली पण पाणी वर चढून नाही राहिलं. पंप गेला का?

टेम्सकाठचा_देशपांडे
क्षारांनी जाळी बुजली असेल, आमच्या नागपूरच्या घरी दर मेमध्ये तेच. पंप काढून लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेव. आणि आधी प्लग काढ रे बाबा, ओल्या हाताने कूलरला हात लावू नकोस, त्या शॉकने माणसं जातात.

वऱ्हाडी_पोट्टा
काढला. जाळीत चिमणीचं घरटं निघालं 🙈 आता?