टाचेचे हाड मोडल्यावर सरसकट शस्त्रक्रिया करावी का?

मूळ मत
परांचीवरून किंवा झाडावरून पडून टाचेच्या हाडाचा सांध्यापर्यंत जाणारा अस्थिभंग झाला की प्लेट आणि स्क्रू बसवण्याचा सल्ला अनेकदा लगेच दिला जातो, आणि मला ही घाई अयोग्य वाटते. ब्रिटनमधील २२ रुग्णालयांत १५१ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी किंवा चालण्याची क्षमता सरस आढळली नाही. गुंतागुंत मात्र शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के होती. टाचेवरची त्वचा पातळ असते, तिच्याखाली मांसाचा आधार नसतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूने घेतलेल्या मोठ्या छेदाची कड काळी पडणे आणि जंतुसंसर्ग होणे हे धोके कायम राहतात. मग रुग्णाने हा धोका कशासाठी पत्करावा?

प्रतिसाद १
आपण सांगितलेले आकडे बरोबर आहेत, पण त्या चाचणीतून टाचेचा आकार फार बिघडलेले रुग्ण आधीच वगळले होते, हे आपल्या मांडणीत आलेले नाही. साधारणतः २० ते ४० अंश असणारा बोहलरचा कोन (एक्स-रेवर टाचेचे हाड किती खचले हे दाखवणारा कोन) शून्याच्या खाली गेला, टाच रुंद होऊन घोट्याबाहेरील हाडाला घासू लागली, तर नुसते प्लास्टर घालून काय साधणार? कॅनडातील २००२ च्या चाचणीतही एकूण निकाल सारखे होते. मात्र स्त्रियांना आणि कामावरील इजेसाठीची कामगार-भरपाई न घेणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा लाभ दिसला, आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांना पुढे सांधा कायमचा जोडून घेण्याची वेळ अधिक वेळा आली. वेडावाकडा जुळलेला सांधा नंतर जोडणे सोपे नसते, हे मी मुद्दाम सांगतो.

प्रतिसाद २
मी मूळ मताच्या बाजूने आहे. विडी ओढणाऱ्या, मधुमेह असलेल्या किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णात जखम भरत नाही, आणि आपल्याकडे परांचीवर काम करणाऱ्या मजुरांमध्ये विडी-तंबाखूचे व्यसन सर्रास आढळते. अशा माणसाला जंतुसंसर्ग झाला तर त्याची रोजी कित्येक महिने बुडते.

प्रतिसाद १ (उत्तर)
म्हणूनच सूज उतरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत, बहुधा एक ते दोन आठवडे, थांबतात आणि शक्य असेल तेथे घोट्याखालच्या लहान छेदातून हाड बसवतात. लहान छेदामुळे जखमेची गुंतागुंत कमी होते. व्यसन हे सावधगिरीचे कारण आहे, सर्वांनाच शस्त्रक्रिया नाकारण्याचे नव्हे.

मूळ मत मांडणारा
माझा विरोध सरसकटपणाला आहे. सीटी स्कॅनमध्ये सांध्याचे तुकडे सरकलेले नसतील, तर पाय उंच ठेवणे, त्यावर भार न देणे आणि घोट्याचे व्यायाम लवकर सुरू करणे हेच उपचार पुरेसे आहेत. मात्र टाचेचा मागचा तुकडा वर सरकून त्वचेवर आतून दाब देत असेल आणि त्वचा पांढरी पडत असेल, तर ती काही तासांतच मृत होऊ शकते. तेथे सूज उतरण्याची वाट पाहू नये, याबाबत आपले एकमत आहे.