मदत हवी आहे: आयटीपीमध्ये प्लेटलेट अँटिबॉडी तपासणी करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचं आहे. तिला आयटीपी आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. वय ६१, सांगलीला असते. पावसाळ्यात तिच्या नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले, बोटाने दाबले तरी फिके न होणारे. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. प्लेटलेट निघाल्या १४,०००, जिथे किमान दीड लाख हव्यात. ताप नव्हता, डेंगीचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. नेहमीच्या नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन आकडा खोटा कमी येतो म्हणे, म्हणून रक्तविकारतज्ज्ञांनी सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची तपासणी), थायरॉइड सगळं ठीक. निदान आयटीपी.

प्रेडनिसोलोनने (हे स्टेरॉइड) आकडा ९०,०००वर गेला, पण डोस उतरवला की परत २०,०००च्या आसपास. त्यात शुगर वाढली, झोप उडाली. आता एल्ट्रोम्बोपॅग (प्लेटलेट बनवायला चालना देणारी गोळी) सुरू करायचं ठरतंय.

मामांचा आग्रह आहे की आधी प्लेटलेटवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी (प्रतिपिंडं) तपासा, मगच महागडी गोळी. डॉक्टर म्हणतात गरज नाही. आयटीपी असूनही बऱ्याच जणांची ही तपासणी निगेटिव्ह येते, कारण काहींत प्लेटलेट अँटिबॉडी नव्हे तर टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) मारतात, शिवाय अस्थिमज्जेत त्या बनतातही कमी. म्हणजे निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. प्लेटलेटवरच्या जीपी टूबी/थ्रीए या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर निदानाला बळ मिळतं, औषध मात्र तेच राहतं. मला हे पटतंय, मामांना नाही. तुमच्यापैकी कुणाच्या उपचारात या रिपोर्टमुळे खरंच काही बदललं का?

दुसरं, एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळीची वेळ. दूध, दही, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्या निदान २ तास आधी किंवा ४ तासांनंतर घ्यायची आहे. आई उठल्याउठल्या दुधाचा चहा घेते, दुपारी ताक लागतंच, आणि स्टेरॉइडमुळे कॅल्शियमची गोळी रात्री जेवणानंतर असते. कॅल्शियम दुपारी सरकवून ही झोपताना द्यावी का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण घरात हे कसं जमवलंत ते सांगा. यकृताच्या तपासण्या किती दिवसांनी करायला सांगितल्या होत्या?

पपईच्या पानांचा रस कृपया सुचवू नका, डॉक्टरांनी नको म्हटलंय. गुडघेदुखीची आयब्युप्रोफेनही त्यांनी बंद केली आहे.

सोमवारी पुन्हा दाखवायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.