सासरचा स्वीडिश ख्रिसमस यंदा आमच्या घरी. काय ठेवू, काय सोडू?

मिनेसोटाची_सून
नमस्कार मंडळी, मी मिनेआपोलिसला असते. नवरा इथलाच, पण त्याचे पणजी-पणजोबा १८८० च्या दशकात स्वीडनच्या स्मोलांड भागातून आले, आणि सासरी सगळ्यांना याचं खूप आहे, म्हणजे स्वीडिश कुणालाच धड बोलता येत नाही आता पण ख्रिसमस मात्र स्वीडिश पद्धतीनेच. इतकी वर्षं सगळं सासूबाई करायच्या, आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून यंदा २४ तारखेचं जेवण आमच्याकडे आहे आणि नेमके त्याच वेळी माझे आईबाबा सांगलीहून येतायत. दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

सासरचा मेनू म्हणजे लुटफिस्क (तो वाळवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवतात ना तो, वर पांढरा सॉस आणि ऑलस्पाइस), बटाटा घालून केलेली सॉसेजेस, मीटबॉल्स, स्मोलांडचा तो दुधाचा गोड केक, ऊस्टकाका, जॅमबरोबर, आणि शेवटी तांदळाची खीर ज्यात एकच बदाम लपवलेला असतो, ज्याला मिळेल त्याचं येत्या वर्षात लग्न होणार म्हणतात. दाराशी गवताचा बोकड. मला हे सगळं मनापासून आवडतं, सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला खिरीपाशी उभं केलं होतं ढवळायला.

पण ऑफिसात एक कलीग आहे, तो स्टॉकहोमहून आलेला, तो म्हणतो की त्याच्या घरी लुटफिस्क कुणी खात नाही, तिकडे हेरिंग मासे, हॅम, यानसन नावाचं बटाट्याचं कॅसरोल, यूलमुस्ट नावाचं कोल्ड्रिंक आणि दुपारी तीनला टीव्हीवर डोनाल्ड डक! हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात घोळतंय की आपण जुनाट काहीतरी धरून बसलोय, खरं स्वीडिश करायला हवं. मला ते पटत नाहीये पण नीट सांगताही येत नाहीये. त्यात लेकीला (सात वर्षांची आहे) १३ तारखेला लुसिया व्हायचंय (त्या दिवशी पहाटे मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून येते ना, ते). तर कुणी स्वीडनमधे आहे का, किंवा अशा घरात? आणि आईबाबांनी पाहुण्यासारखं बाजूला बसून वरणभात खाऊ नये असं फार वाटतं हो.

गोथेनबर्गवासी
ताई, मी इकडे बरीच वर्षं आहे आणि बायकोचं माहेर इथलंच, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं बघितलंय. नवऱ्याला जरा सालं बघायला सांगा. डोनाल्ड डकचा तो कार्यक्रम इथल्या टीव्हीवर १९६० पासून लागतो. यूलमुस्ट १९१० साली ओरेब्रू गावात निघालं. यानसन आज प्रत्येक टेबलावर असतं पण घरोघरी पोचलं ते विसाव्या शतकात. तुमचे पणजोबा निघाले १८८० च्या दशकात, म्हणजे यातलं काहीही त्यांच्या पेटाऱ्यात असणं शक्यच नव्हतं. त्यांनी जे नेलं ते त्या काळच्या शेतकरी घरातलं, मासा, खीर, गवताचा बोकड, ऊस्टकाका तर स्मोलांडचीच ओळख आहे. त्या काळात दुष्काळाने आणि दगडाळ जमिनीने लोक गेले, १९३० पर्यंत साधारण तेरा लाख माणसं अमेरिकेला गेली, लोकसंख्येच्या मानाने प्रचंड, आणि स्मोलांडमधून तर गावंच्या गावं. मागे राहिलेल्यांचा सण बदलत गेला, गेलेल्यांनी आपला जपला. तुमच्या घरी जे आहे ते त्या घराचं आहे, त्याला जुनाट म्हणू देऊ नका.

बोकडाचंच घ्या, आधी भेटवस्तू बोकडच आणायचा असं मानायचे (कुणीतरी बोकडाचा मुखवटा घालून यायचं), नंतर ते काम टॉम्टेकडे गेलं. टॉम्टे म्हणजे मुळात शेताघराची राखण करणारा छोटासा म्हातारा, त्याला ख्रिसमसच्या रात्री खिरीची वाटी ठेवायची, वर लोण्याचा गोळा पाहिजेच, नाहीतर रागावतो. लाल टोपीतलं त्याचं आजचं रूप आलं ते येनी न्युस्ट्रम या चित्रकर्तीच्या चित्रांमुळे, तीही १८८० च्या दशकातलीच. आमच्याकडे डोनाल्ड डक संपला की घरातला कुणीतरी 'पेपर आणायला' जातो आणि थोड्या वेळाने दार वाजतं, टॉम्टे विचारतो इथे शहाणी मुलं आहेत का. आमचा मुलगा आता मोठा झाला तरी त्या वाक्याला अजून सावरून बसतो.

नवीन काही घ्यायचंच तर एक सुचवतो, यमकं. इथे भेटीच्या पुडक्यावर दोन-चार ओळींची यमकं जुळवलेली कविता लिहितात, आत काय आहे ते न सांगता सुचवायचं, पूर्वी पुडकं लाखेने सील करायचे. वाचून दाखवल्याशिवाय उघडायचं नाही. तुमच्या आईंना उखाणे येत असतीलच ना, त्यांना सांगा लिहायला, मराठीत, जावयाने मोठ्याने वाचायचं. हे आमच्या सासूबाई आणि माझी आई एका खोलीत बसून करायच्या, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती आणि तरी दोघी कागद लपवून लिहायच्या. मला सगळ्या सणातलं हेच सगळ्यात प्रिय आहे.

मिनेसोटाची_सून
अहो किती छान लिहिलंत, सालांचं तर मी लगेच नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला आणि मग आईला फोन लावून सांगत बसला. यमकांचं नक्की! आईने ऐकल्या ऐकल्या वही काढली म्हणे. पण जेवणाचं काय करू कुणीतरी सांगा.

केशरवेलची
मी स्वीडनमधे लुंडला राहते, घरी आम्ही शाकाहारी आहोत आणि नवरा इथलाच, त्यामुळे हे सगळं करून झालंय. तुम्ही समजताय तितकं अवघड नाहीये.

खीर तशीच राहू दे, त्यात काहीच बदलायचं नाही. आखूड दाण्याचा तांदूळ आधी थोड्या पाण्यात लोणी-मीठ घालून शिजवायचा, मग दूध आणि दालचिनीची काडी, आणि अगदी मंद आचेवर पाऊण तास तरी, ढवळत राहायचं नाहीतर तळाला लागते. आपल्यासारखी साखर आत घालत नाहीत, वरून साखर-दालचिनी. उरली तर दुसऱ्या दिवशी फेटलेलं क्रीम आणि संत्र्याच्या फोडी घालून गार खायची, ती तर मला आदल्या दिवशीपेक्षा जास्त आवडते. बदाम सोललेला घ्या म्हणजे रंगाने ओळखू येत नाही. ज्यांची लग्नं झालीत त्यांच्यासाठी आमच्याकडे नियम असा की ज्याला मिळाला त्याने यमक म्हणायचं.

बीटची कोशिंबीर इथे ख्रिसमसच्या टेबलावर असतेच, बीट, सफरचंद आणि क्रीम, मेयोनेज ऐवजी साधं सावर क्रीम घ्या म्हणजे अंड्याचा प्रश्न नाही. लाल कोबी व्हिनेगर, सफरचंद, लवंग घालून हळू शिजवायचा, अप्रतिम लागतो. यानसन करावंसं वाटलं तर बटाट्याच्या काड्या, भरपूर कांदा, क्रीम, आणि माशांच्या जागी केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), खूप जण करतात तसं. ऊस्टकाकात मात्र अंडं असतं आणि पारंपरिक पद्धतीत दूध रेनेटने (वासराच्या जठरातून काढतात ते) विरजतात, ते आईबाबांना चालणार नाही, सासूबाईंचा आहे तसा होऊ दे आणि त्याच जॅमबरोबर आईबाबांना खीर द्या. चीज घेताना पण रेनेट बघून घ्या.

आणि लुसियासाठी केशराचे पाव, इंग्रजी एस सारखे वळलेले, टोकांत एकेक बेदाणा. अर्धा लिटर दुधाच्या पिठाला एक ग्रॅम केशर. खलबत्त्यात चमचाभर साखरेबरोबर कुटा, मग कोमट दुधात भिजवा, रंग पूर्ण उतरतो. केशराचे पाव लवकर कोरडे पडतात म्हणून इथे क्वार्ग घालतात, मी घरचा चक्का घालते आणि माझ्या सासूबाईंनी आता तोच सुरू केलाय. कणकेत अंडं नसतं, वरून लावायला दूध वापरा. आईबाबांना कुटायला आणि वळायला बसवा, बाजूला बसायची वेळच येणार नाही.

मुकुट लेकीला बॅटरीचाच द्या, केस पेटायची भीती नको. पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा, पहाटे अंधार असताना सगळ्यांना उठवायचं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात १३ डिसेंबरच्या आसपास वर्षातली सगळ्यात मोठी रात्र यायची, स्वीडनने १७५३ साली कॅलेंडर बदललं पण लुसिया तिथेच राहिली, म्हणून तो अंधार महत्त्वाचा आहे, दिवे लावून टाकू नका.

वसईची_लेक
आम्ही वसईचे कॅथलिक, स्वीडनशी काही संबंध नाही पण वाचून राहवलं नाही. सगळं जेवणाचं आणि भेटींचं झालं, चर्चचं कुणी बोललंच नाही. माझी एक स्वीडिश रूममेट होती, ती लुथरन, तिच्या आजीकडे २५ ला भल्या पहाटेची उपासना असते, तिला यूलोटा म्हणतात. पूर्वी बर्फातून घोड्यांच्या गाड्या, हातात मशाली, आणि येताना शर्यत लावायचे, जो आधी घरी पोचेल त्याचं पीक चांगलं येणार. आमच्याकडे मध्यरात्रीची मिस्सा आणि तिकडे पहाटेची, पण थंडीत सगळं घर एकत्र बाहेर पडतं ते सारखंच.

लुटफिस्क पण मुळात उपासाचंच अन्न आहे, स्वीडन सोळाव्या शतकापर्यंत कॅथलिक होतं आणि ख्रिसमसआधीच्या आगमनकाळात मांस वर्ज्य असायचं, म्हणून वाळवलेला मासा. धर्माची शिस्त बदलली तरी ताट राहिलं. सासूबाई जात असतील चर्चला तर यंदा कुणी गाडीने घेऊन जा हो त्यांना, गुडघे दुखतायत म्हणजे त्या स्वतःहून म्हणायच्या नाहीत. लुटफिस्क थोडासा का होईना पण त्यांच्यासाठी ठेवाच.

मिनेसोटाची_सून
वसईच्या ताई, तुमचं वाचून नवऱ्याने विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या सासरे गेल्यापासून पहाटेचं गेलेच नाही, कुणाला उठवायचं म्हणून. आता आम्ही सगळेच जाणार आहोत, बाबा पण म्हणाले येतो, काकड आरतीला उठायची सवय आहे त्यांना.
मेनू ठरला: लुटफिस्क थोडा, सॉसेजेस नाहीत, ऊस्टकाका सासूबाई खुर्चीत बसून सांगतील आणि नवरा करेल, बाकी केशरवेलची यांनी सांगितलं तसं. यानसन यंदा नको.
एक राहिलं, झाड कधी काढता तुम्ही? इथे शेजारी १ जानेवारीलाच फुटपाथवर टाकतात.

गोथेनबर्गवासी
१३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी. मुलं झाडाभोवती फेर धरतात, झाडावरचा खाऊ लुटतात आणि मग झाड बाहेर. आईबाबा तोवर असतील तर भोगीच्या आसपासच येतं ते, आम्ही तेव्हाच घरी तीळगूळ करतो आणि त्यातला थोडा कागदात बांधून आदल्या रात्री झाडावर टांगतो. कागद घट्ट पिळा, झाडाचा डिंक लागतो त्याला.